परतीचं भाडं

खडकेवाडी, कवठे महांकाळजवळ
ता. ४ नोव्हेंबर १९६३

ज्ञानू,

जयभीम. आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी उत्तर पाहिजे.

दिवाळी झाल्यावर तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर मी कार्ड टाकलं होतं. ते आज माघारी आलं. पोस्टमन नानासो दारात उभा राहून म्हणाला, "चंद्राकाकू, कार्ड फिरून आलंय. वर तांबड्या शाईनं कायतरी लिवलंय. वाचून दावू का?" मी म्हटलं, दे इकडं. या वयात साक्षरतेच्या वर्गात पोरासोरांसंगं बसले ती काय तुझ्याकडून वाचून घ्यायला? बोट ठेवून वाचलं. "सदर इसम राजीनामा देऊन गेला." पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तेच निघालं.

मी उंबऱ्यावर बसले ती चूल विझेपर्यंत उठले नाही. इसम म्हणे! विहिरीत सापडलेल्याला इसम म्हणतात, चोरी करून पळालेल्याला इसम म्हणतात. माझ्या नातवाला इसम म्हणायची वेळ त्या कारकुनावर का आली?

खरं काय ते लिही. साहेबाच्या अंगावर धावून गेलास? सरकारी गाडी कुणाच्या अंगावर घातलीस? पेट्रोल विकलंस? दारू प्यायला लागलास? यातलं जे केलं असशील त्यावर खूण कर, मला समजेल. दहा वर्षांची नोकरी, अंगावर खाकी, म्हातारपणी पेन्शन. वाडीत आपल्या वस्तीतला पहिला सरकारी माणूस तू. तुझा बाप फौजेत गेला तो परत आला नाही, आई तापात गेली, तुला साताऱ्याच्या बोर्डिंगात घालून मी इथं सडकेची खडी फोडली. ती या कार्डासाठी फोडली का?

हे पत्र तुझ्या खोलीच्या पत्त्यावर टाकते. खोली तरी आहे का तीही सोडली?

चंद्राबाई, स्वतःच्या हातानं

•

सातारा
ता. ९ नोव्हेंबर १९६३

आजीस ज्ञानूचा जयभीम.

तुझ्या यादीतलं एकही केलं नाही, त्यामुळं खूण करता येत नाही. मला कुणी काढलं नाही. मी स्वतः सोडली. तुला आधी कळवायला हवं होतं, पण तू काय लिहिशील ते मला ठाऊक होतं, आणि ते वाचून माझा हात राजीनाम्यावर चालला नसता.

मी चालवायचो ती पिकअप तुला आठवते का? लष्कराकडून कचेरीत आलेली, पुढं दोघांची बैठक, मागं उघडा हौदा. तंबू, नकाशे, साहेबाच्या खुर्च्या, सगळं तिच्यात जायचं. तिचं इंजिन मी या हातांनी तीनदा खोललंय. ती कुठल्या चढाला कुरकुरते, कशानं ऐकते, हे मला बायकोच्या मनापेक्षा जास्त कळतं असं शालू म्हणते. कचेरीनं ती मोडीत काढली. लिलाव बावीस ऑक्टोबरला ठरला. कचेरीतल्या नोकराला त्या लिलावात बोली लावता येत नाही, असा नियम आहे. म्हणून मी एकवीस तारखेला राजीनामा दिला आणि बावीसला सकाळी बाहेरचा माणूस म्हणून फाटकातून आत गेलो. फंडाचे पैसे त्यात घातले. गाडी माझी झाली.

आजी, दहा वर्षं मी गाडीचं दार उघडून धरलं आणि दुसरा आत बसला. तक्रार नाही, पगार त्याचाच होता. पण आता त्या दारावर माझं नाव रंगवलंय. आम्ही सांगलीला जातोय, विश्रामबागेच्या पुढं पत्र्याची एक खोली बघितली आहे. तिथून मिरज, कवठे, आपला सगळा माळ मला जवळ. आपल्या भागात माणूस आजारी पडला तर अजून बैलगाडीत घालून नेतात. तिथं गाडी चालणार नाही तर कुठं चालेल?

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा ज्ञानू

•

खडकेवाडी
ता. १५ नोव्हेंबर १९६३

ज्ञानू,

जयभीम.

वाचलं. एका दिवसाच्या लिलावासाठी दहा वर्षांची नोकरी. बोर्डिंगातल्या मास्तरांनी तुला हिशेब शिकवला नव्हता व्हय? कचेरीनं जी गाडी मोडीत काढली तीच तू डोक्यावर घेतलीस. सरकारला जी नको ती तुला पाहिजे. सरकार येडं आणि तू शहाणा.

शेजारच्या बनाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "आता पोरगं मालक झालं की वं!" मी म्हटलं, मालक कुणाचा? चार चाकांचा. त्यातलं एक फुटलं की तू आणि तुझी मालकी, दोघं सडकेच्या कडेला. पगाराचं चाक फुटत नाही.

नाव रंगवलंस ते पुसायला किती वेळ लागतो?

तू काही करणार नाहीस हे ओळखून मी केलं आहे. तुझ्या साहेबाला अर्ज टाकला. तुला दाखवायचा म्हणून उतरून ठेवला: "साहेबांस चंद्राबाईचा जयभीम. माझा नातू ज्ञानदेव ड्रायव्हर यास तात्पुरतं खूळ लागलं आहे. खूळ उतरेपर्यंत जागा भरू नये. तोवर कामाला माणूस नसेल तर कळवावे." शेवटच्या ओळीनं काय होईल मला माहीत नाही, पण अर्ज लहान दिसत होता म्हणून घातली.

शालूला आशीर्वाद. तुला सध्या नाहीत.

चंद्राबाई

•

जावक क्रमांक ९१४
सातारा, ता. २ डिसेंबर १९६३

श्रीमती चंद्राबाई, मु. खडकेवाडी यांस,

आपला अर्ज पोहोचला. सदर कर्मचाऱ्याचा राजीनामा रीतसर मंजूर झाला असून पद भरण्यात आले आहे. "खूळ" या कारणास्तव पद राखून ठेवण्याची तरतूद नियमांत नाही. तरी आपणांस कळविण्यात येते की, याबाबत अधिक पत्रव्यवहार करू नये.

वरिष्ठ लिपिक

•

सांगली
ता. २० जानेवारी १९६४

पूज्य आजींना शालूचा सविनय जयभीम.

हे दोनदा तुमच्या दारात येऊन गेले आणि तुम्ही भाकरी वाढलीत पण बोलला नाहीत, असं म्हणत होते. "तोंडानं बोलणार नाही, काय ते लिहून," असं तुम्ही बनाबाईंकडून सांगितलंत म्हणे. म्हणून मीच लिहिते. तुम्हाला काळजी लागली असेल, ती आता सोडावी.

सुरुवातीचे दोन महिने कठीण गेले, ते लपवत नाही. गाडीला काम होतं, पण माळावरच्या लोकांकडं रोकड नसते. मेंढरं बाजारात पोचवली, वऱ्हाड नेलं, एक बाळंतीण रात्री मिरजेच्या दवाखान्यात पोचवली, आणि सगळीकडं एकच उत्तर, "सुगी झाल्यावर बघू." पेट्रोलवाला सुगीची वाट बघत नाही. दोन दिवस हे गाडी झाकून घरात बसले होते.

आता मात्र सोय झाली. तुमच्या वाडीतलेच मोठे बागाईतदार लालासाहेब यांनी पुढाकार घेतला. आजूबाजूच्या पाच गावांनी मिळून ठरवलं आहे की, गाडीनं आजारी माणूस, बाळंतीण, लग्नाचं सामान वर्षभर न्यायचं, कुणी त्या वेळी पैसे द्यायचे नाहीत, आणि शाळूची मळणी झाली की खळ्यावर घरटी दोन पायल्या, मोठ्या बागाईतदारानं पोतंभर जोंधळा द्यायचा. पाच गावं मिळून वर्षाचं धान्य होऊन वर विकायलाही उरतं. हे म्हणाले, "शालू, हा तर पगारच झाला. आजीला पगार पाहिजे होता ना?" तुम्हाला कळलं की तुम्ही बोलायला लागाल, असं यांना वाटतं. मळणी फाल्गुनात. पहिलं खळं लालासाहेबांचंच.

तुमची तब्येत जपावी.

तुमची शालू

•

खडकेवाडी
ता. २७ जानेवारी १९६४

ज्ञानू,

शालूचं पत्र आलं. पत्र चांगलं लिहिते. तिनं मला जे सांगितलं ते तिला चांगली बातमी वाटते. तिचा दोष नाही. तुझाही नाही, हे मला तीन दिवस डोकं धरून बसल्यावर कळलं. दोष माझा. म्हणून आज बसून लिहिते, मध्ये थांबणार नाही. अक्षर वाकडं आलं तर वाकडं वाच.

नोकरी सोडलीस तेव्हा मला धक्का बसला असं मी समजत होते. तो धक्का नव्हता, नुसती ठेच होती. धक्का आता बसला.

तू सहा वर्षांचा झाल्यापासून मळणीच्या दिवसात मी तुला तुझ्या आत्याकडं धाडायची. आत्याला लळा आहे म्हणून धाडते, असं सांगायची. आत्याला तुझा कसला लळा, तिची स्वतःची सहा होती. तू खळं बघू नयेस म्हणून धाडायची. आठव्या वर्षी बोर्डिंगात घातलं ते शिकावंस म्हणून घातलं, पण तेही होतं.

खळ्यावर काय व्हायचं ते आता ऐक. वर्षभर गावची कामं केलेली असायची. सांगावा पोचवला, ढोर ओढलं, सरकारी माणसाचं घोडं धरलं. त्याचा मोबदला म्हणजे बलुतं. सकाळी जायचं. खळ्याच्या बाहेर उभं राहायचं. मळणी होते, उफणणी होते, रास लागते, राशीची पूजा होते. मग सुताराचं, न्हाव्याचं, लोहाराचं, ज्याचं त्याचं. ऊन इकडून तिकडं जातं, तुम्ही उभे. सगळ्यांचं झालं की त्यांच्या गड्यानं राशीच्या तळचं झाडून काढायचं, मातेरं, खडे आणि दाणे एकत्र. "चंद्रे, धर," असं म्हणायचं. मी पदर पसरायची. वरून टाकायचं, हात लागू नये म्हणून. जे बाहेर सांडलं ते वेचून घ्यायचं. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. कुणी वाईट वागलं असंही नाही. लालासाहेबाचा बाप तर जाताना एक शेंगांची मूठ टाकायचा, तीही वरूनच.

छप्पन साली आपण सगळ्यांनी मिळून ते सोडलं. देव्हाऱ्यातले देव गेले, ढोर ओढणं गेलं, बलुतं गेलं. त्या वर्षी फाल्गुनात लालासाहेब स्वतः वस्तीवर आला, "अगं, वाटा काढून ठेवलाय, कोण नेणार?" मी म्हटलं, चिमण्यांना घाला. त्या साली आपण शिजवलेली भाजी जनावरांनी तोंडाला लावली नसती. तू तेव्हा साताऱ्याला नोकरीत होतास, तुला मी लिहिलं का? नाही. लिहायला यायचं नाही आणि सांगायचंही नव्हतं. मला वाटलं, न सांगितलं की संपतं.

आणि आता सात वर्षांनी माझा नातू त्याच खळ्यावर जाणार. पायी नाही, मोटारीतून. जिला पदर होता तिनं सोडलं आणि ज्याला हौदा आहे तो पसरणार.

भाडं घे. रुपये घे. रुपये नसतील तर उधार ठेव, बुडव, उपाशी राहा. खळ्यावर जाऊ नकोस. गेलास तर मी काही करणार नाही. मी फक्त तुला पुन्हा लिहिणार नाही.

चंद्राबाई

•

सांगली
ता. ५ फेब्रुवारी १९६४

आजीस जयभीम.

पत्र चार वेळा वाचलं. शालूला वाचून दाखवायला लागलो आणि अर्ध्यावर तिच्या हातात दिलं.

हे मला कधीच का सांगितलं नाहीस? तीस वर्षांचा झालो मी. आत्याच्या घरी मला खायला मिळायचं नाही, मी म्हणायचो आजीला मी नकोसा झालोय. इतकी वर्षं मी तेच धरून बसलो होतो.

तरी मला माझं सांगू दे. तू उभी राहायचीस कारण तुला दुसरा मार्ग नव्हता. मी उभा राहणार नाही. माझं काम ठरलेलं आहे, त्याचा मोबदला ठरलेला आहे, पाच गावांची माणसं बसून बोलली आहेत. लालासाहेबांनी मला खाटेवर बसवून चहा दिला, कपबशीतून. जमाना तोच राहिलेला नाही. मी मागायला जात नाही, माझं घ्यायला जातोय. त्यांना माझी गरज आहे, मला त्यांच्या जोंधळ्याची. यात बलुतं कुठं आलं? शब्दाला भिऊन मी गाडी उभी करू का? पेट्रोल दीड महिना उधार आहे. परवान्याची मुदत चैत्रात संपते. आता नाही म्हणालो तर पाच गावं तुटतील आणि नोकरीही नाही.

शब्द दिलाय. मी जाणार. तू लिहिणार नाही म्हणालीस तरी मी लिहीन.

ज्ञानू

•

सांगली
ता. ९ मार्च १९६४

आजी,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं.

शुक्रवारी गेलो होतो. लालासाहेबांच्या खळ्यावर. वाडीत तुझ्या दारावरूनच गाडी गेली. तू आत होतीस, धूर दिसला. मी हॉर्न वाजवला नाही.

खळ्यापर्यंत गाडी जात होती, पण धूळ उडेल म्हणून मी ती लांब लावली आणि चालत गेलो. लालासाहेब म्हणाले, "ये, ज्ञानू. बस तिकडं लिंबाखाली. आमचं उरकू दे." प्रेमानं म्हणाले. मी बसलो. थोड्या वेळानं सावली सरकली, मी उभा राहिलो. सुतार आला, घेऊन गेला. न्हावी आला, घेऊन गेला. माझ्याशी दोघंही हसून बोलले. मला वाटलं, आता माझं. दोघं गडी पोती भरून घरी नेत होते. तीन वाजले असतील, तरी मी उभाच. जायचं म्हटलं असतं तर गाडी पन्नास पावलांवर होती. का कोण जाणे, मी गेलो नाही.

शेवटी लालासाहेब म्हणाले, "ज्ञानूचं तेवढं काढा रं." गड्यानं खराटा घेतला.

मी म्हटलं, "मामा, हे मातेरं हाय."

ते माझ्याकडं बघायला लागले. त्यांना खरंच कळलं नाही, आजी. म्हणाले, "अरं, तुझ्या आजीचा वाटा ह्याच जागंवरनं उचलायचा. म्हातारीनं कवा कुरकुर केली न्हाई. तुला तर दोन पायल्या जास्ती घातल्यात, गाडी हाय म्हणून." गड्यांना वाटलं त्यांनी मोठं मन केलं. त्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं.

आता जे लिहितोय ते शालूलाही सांगितलेलं नाही. गड्यानं सूप वर उचललं तेव्हा मी खाली बघितलं. माझ्या हातात पोतं होतं, त्याचं तोंड मी दोन्ही हातांनी उघडून धरलं होतं आणि थोडा वाकलो होतो. मला कुणी 'धर' म्हटलं नव्हतं. मी खळं जन्मात बघितलेलं नाही. मग हे मला कुणी शिकवलं?

त्यांनी वरून ओतलं. दोन पोती झाली. मी ती घेऊन आलो. तिथं टाकून यायची हिंमत झाली नाही. पोती खोलीत कोपऱ्यात आहेत. शालू निवडायला बसली होती, मी हात धरला. ती घाबरली.

बाकी चार गावांच्या खळ्यांवर गेलो नाही. कचेरीत पुन्हा घ्यावं म्हणून अर्ज लिहून ठेवला आहे. घेणार नाहीत, पण कुठंतरी घेतील. मिरजेतला एक व्यापारी गाडी बघून गेला. दारावरचं नाव पुसून घेईन म्हणाला. तुझं खरं झालं. तुला हेच पाहिजे होतं, आता तरी लिही.

ज्ञानू

•

खडकेवाडी
ता. १२ मार्च १९६४

ज्ञानू,

जयभीम.

लिहिणार नाही म्हणाले होते. म्हातारी माणसं बोलतात, त्यातलं निम्मंच खरं असतं. धूर दिसला म्हणालास, मला पण गाडी दिसली होती. दाराआड उभी होते.

अर्ज फाड. व्यापाऱ्याला सांग, गाडी विकायची नाही.

माझं डोकं फिरलं असं समजू नकोस. नोकरी सोडलीस ती चूकच, आजही मी तेच म्हणते. पण आता नोकरीत परत गेलास तर या खळ्यावरून पळून गेलास असं होईल, आणि ते तुझ्या पोटात राहील. माझ्या पोटात तीस वर्षं राहिलं, काय झालं ते तू बघितलंस. तुझ्याच हातात निघालं. कुणी शिकवलं म्हणून विचारतोस. मी न सांगता शिकवलं असेल. आपण दारात कुणी आलं की उठून बाजूला होतो, हे तू मांडीवर असल्यापासून बघत होतास. त्याला खळं लागत नाही.

मी उभी राहायची त्याचं कारण ऐक. उपाशी होते हे एक. दुसरं, निघून जायचं तर जाणार कुठं? सगळीकडं त्यांचीच रानं. तुझी गाडी पन्नास पावलांवर होती आणि तरी तू उभा राहिलास, हे वाचून मला जास्त लागलं. ती पन्नास पावलं चालायला तू शिक. नोकरीत ते कुणी शिकवत नाही.

आता काम सांगते, नीट वाच.

ती दोन पोती उघडू नको, निवडू नको, भिकाऱ्याला घालू नको, फेकू नको. माल त्याचा आहे. येत्या रविवारी पोती हौद्यात घाल आणि इकडं ये. मी तुझ्याशेजारी पुढं बसेन. माल लालासाहेबाच्या दारात पोचवायचा. आणि सांगलीपासून खडकेवाडीपर्यंत दोन पोत्यांचं जे भाडं तू दुसऱ्या कुणाकडून घेतोस ते त्याच्याकडून घ्यायचं. एक पैसा कमी नको, एक पैसा जास्त नको. फुकट परत केलं तर तो रुसवा होतो. आपण रुसायला जात नाही, धंद्याला जातोय.

शालूला सांग, रविवारी सकाळी जेवू घालून पाठवायचं. उपाशी माणसाला बोलता येत नाही.

चंद्राबाई

•

खडकेवाडी
ता. २४ मार्च १९६४

शालूस जयभीम आणि आशीर्वाद.

ज्ञानू घरी येऊन काही बोलला नाही, नुसता हसला आणि झोपला, असं तू लिहिलंस. बापावर गेलाय. तुला नीट कळावं म्हणून मी लिहिते.

आधी वाईट ते. पाचातल्या तीन गावांनी ठराव मोडला. त्यात आमची वाडी आलीच. "म्हातारीनं पोराचं वाटोळं केलं," असं चावडीवर बोलतात. बनाबाई मला येऊन सांगते, मी म्हणते आणखी काय म्हणाले ते पण सांग. दोन गावांनी खेपेला पैसे द्यायचं कबूल केलंय, त्यातलं एक देईल, दुसऱ्याची खात्री नाही. परवाना कसा होईल ते मला माहीत नाही. पावसाळ्यापर्यंत तुम्हाला ओढाताण होणार. माझ्याकडं दोन पायल्या जोंधळा आहे, मजुरीचा, स्वच्छ आहे, तो धाडते.

आता रविवारचं. गाडीत मी पहिल्यांदा बसले. ती चालायला लागल्यावर मी ज्ञानूचा दंड धरला तो सोडलाच नाही. त्याला निळा डाग दिसला तर तो माझा.

लालासाहेबाच्या वाटेला लागलो. ज्ञानू लांबच थांबवायला लागला. मी म्हटलं, "पुढं घे." "आजी, धूळ उडंल." "उडू दे. मातीच हाय, त्यांचीच हाय." खळ्याच्या कडेला नेऊन लावली. मळणीचं उरलंसुरलं चाललं होतं. दोन गडी आणि लालासाहेब. मला पुढच्या बैठकीवर बघून त्यानं डोक्याचा पटका सारखा केला.

"चंद्रे, तू?"

"चंद्राबाई," मी म्हटलं. "माल आणलाय. उतरवून घ्या."

"कसला माल?"

"तुमचाच. परवा चुकून आमच्या पोत्यात पडला."

गड्यांनी लालासाहेबाकडं बघितलं. ज्ञानूनं हौद्याचा मागचा फाळका पाडला आणि पोती खाली ठेवली, हळू, एक दाणा सांडला नाही. तेवढं काम चांगलं करतो तो.

लालासाहेब चिडला नाही. चिडला असता तर सोपं गेलं असतं. त्याचा चेहरा असा झाला की कुणी भरल्या ताटावरून उठवलंय. म्हणाला, "चंद्राबाई, मी वाईट मनानं दिलं न्हवतं गं. रीत हाय."

"म्हाईत हाय. तुमचा बाप बी वाईट मनाचा न्हवता. भाडं तीन रुपये झालं."

तो खळ्यालगतच्या घरात गेला. मला वाटलं येत नाही. आला, आणि तीन नाणी बॉनेटवर मांडून ठेवली. वरून टाकली नाहीत, हातात दिली नाहीत. मधली जागा शोधून काढली बघ त्यानं. ज्ञानू उचलायला वाकला.

मी म्हटलं, "हात मागं घे."

"आजी, राहू दे, मिळालं की."

"भाडं हातात देत्यात. सांगलीला बी, मिरजेला बी."

लालासाहेब म्हणाला, "ठेवलंय की म्होरं."

"दिसतंय. आमाला घाई न्हाई."

ज्ञानू पुन्हा माझ्याशेजारी येऊन बसला. आम्ही दोघं गाडीत, तो बाहेर, नाणी मध्ये. मार्चचं ऊन, आणि इंजिन तापलेलं. गडी काम करायचं सोडून बघत होते. एक म्हणाला, "मालक, देऊन टाका, उन्हाचं किती वेळ." लालासाहेब त्याच्यावर ओरडला. मग तोच लिंबाखाली गेला. सावली सरकली, तो तिच्यामागं सरकला. ज्ञानू मला हळू आवाजात म्हणाला, "जाऊ या का?" मी म्हटलं, "जायचं तर जाऊ. गाडी तुझी हाय." त्यानं चावीला हात लावला, पण फिरवली नाही. मग त्यानं पाय लांब केले आणि पाठ टेकली. त्याला मी असं पाय लांब करून बसलेलं वाडीत कधी बघितलं नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी लालासाहेब उठला, तरातरा आला, नाणी उचलली. बॉनेटनं ती निखाऱ्यासारखी झाली होती. तो "हाय गं!" म्हणून किंचाळला आणि गडबडीत माझ्या तळहातावर घातली. मी पण किंचाळले, पण मूठ मिटली. गडी हसायला लागले. ज्ञानू हसला. लालासाहेब पण हसला असं ज्ञानू म्हणतो, मला काही दिसलं नाही.

त्यानं भाडं दिलं का हात भाजला म्हणून टाकलं, ते तूच ठरव. मला ठरवता येत नाही. त्याची बोटं माझ्या हाताला लागली एवढं खरं.

त्यानं घरात जाऊन हात धुतले असतील. मी पण घरी येऊन धुतले. नाण्यांना पेट्रोलचा वास होता आणि मला भाकरी थापायच्या होत्या.

चंद्राबाई, स्वतःच्या हातानं